न अडकणारी बंदूक

अमेरिकेत अर्धस्वयंचलित शॉटगन अडकू लागली की लोक स्प्रिंग बदलतात, गॅसच्या भोकातली काजळी खरवडतात. तरी हलकं काडतूस नेमक्या वेळी अडकतंच. नांदेड-लातूरकडे याहून स्वस्त इलाज आहे. आचारसंहिता लागली की बारा बोर पोलीस ठाण्यात जमा. जी झाडायचीच नाही ती अडकणार कशी? २०२४ साली नांदेडकरांनी लोकसभेसाठीच दोनदा मतदान केलं, २६ एप्रिलला आणि पोटनिवडणुकीत २० नोव्हेंबरला. एवढा आराम जगातल्या कुठल्या स्प्रिंगला मिळतो?

कुणी म्हणेल, सरसकट जमा करत नाहीत, छाननी समिती ठरवते. मान्य. पण पीक संरक्षणासाठी परवाना घेतलेल्या माणसाचा पूर्वेतिहास तपासायचा आणि रानडुकराचा नाही, हा पक्षपात झाला. मागच्या हंगामात हरभरा तुडवलेली डुकरं निकालापर्यंत ठाण्यात जमा करून घ्यावीत, पावतीवर सुळ्यांची लांबी लिहून. दोन्ही पक्षांना समान संधी, हेच तर आचारसंहितेचं तत्त्व. डुकरं अजून आलेली नाहीत, ही त्यांची बेशिस्त. नोव्हेंबरात तूर शेंगेत होती आणि बंदूक ठाण्यात. अडकली मात्र एकदाही नाही.