रांजणवाडी, तालुका पोलादपूर

आमच्या पोलादपूर तालुक्यात वाड्यांना तोटा नाही. डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर एक, आणि तिथवर एस.टी. जाते की नाही यावर तिची प्रतिष्ठा. गेल्या मार्चमध्ये त्यांत आणखी एकीची भर पडली. ना रस्ता, ना ग्रामपंचायत; थेट माझ्या डाव्या पापणीवर वसली. रांजणवाडी.

नेमकी त्याच आठवड्यात दहावीची परीक्षा, आणि मी पर्यवेक्षक. कॉपीमुक्त अभियानाच्या सूचना ऐकून वर्गात शिरलो तो डावा डोळा पार मिटलेला. ‘काणाडोळा करणे’चा वाक्यात उपयोग मी वीस वर्षं मुलांना विचारला; आज मीच वाक्य होऊन उभा होतो. डावीकडची रांग त्या दिवशी विलक्षण प्रसन्न होती.

घरी आत्याने तळहातावर बोट घासून गरम केलं आणि पापणीवर टेकवलं. शेजारच्या काकू सहाणेवर लवंग उगाळून घेऊन आल्या. तिचा एक ओघळ डोळ्यात गेला, आणि कशेडी घाटाची सगळी वळणं मला बसल्या जागी दिसली.

महाडला डॉक्टरकडे जायची खरं तर लाज वाटत होती. याच गावात डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन देऊन विंचूदंशाची माणसं मरणाच्या दारातून परत आणली. तिथे मी फुटकुळी घेऊन जायचं! एस.टी.त कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलंच, “गुरुजी, कुणावर वाकडी नजर ठेवलीत?”

डॉक्टर म्हणाले, पापणीच्या कडेला तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एकीचं तोंड बुजलं की स्टॅफिलोकोकस जंतू आत घर करतात. हे परगावचे नव्हेत. आपल्याच कातडीवरचे जुने रहिवासी. आत्याचं शास्त्र निम्मं बरोबर निघालं. शेक हवाच, पण बोटाचा नव्हे. कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा, 10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा. पिळायचं ते फडकं, फोड नाही. लवंगेचं नाव काढल्यावर डॉक्टरांनीच डोळे मिटले. न दुखता महिनाभर ठाण मांडते ती गाठ वेगळी. तिला प्रसंगी चिरा द्यावा लागतो. सूज गालावर उतरली, ताप आला किंवा नजर धूसर झाली तर मात्र त्याच पावली यायचं.

“आणि वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. पापण्यांच्या मुळाशी कोंडाही आहे तुमच्या.”

आरशात पाहिलं. होता. डोक्यावर केस उरले नाहीत म्हणून बिचाऱ्याने स्थलांतर केलं असावं.

पाचव्या दिवशी वाडी आपसूक फुटली, वाहून गेली. भूमितीच्या पेपराला मी दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून वर्गात शिरलो. डावीकडच्या रांगेत शांतता पसरली. शेवटी खिडकीजवळच्या पोराने अत्यंत जड आवाजात विचारलं,

“सर, एवढ्यात बरा झाला?”