पाटी नको, लागा द्या

नव्या प्राणी निवाऱ्याची नुसती चर्चा सुरू झाली, तरी गावातले चार व्यापारी पुढे येतात. कुणी सिमेंट देतो, कुणी पत्रे, कुणी गेट. मनापासून देतात, त्याबद्दल त्यांना हात जोडून नमस्कार. पण व्यापारी मित्रांनो, इमारतीसाठी एकदा देऊन थांबू नका. दरमहा द्या, आणि ती रक्कम धंद्याच्या खर्चात धरा.

हे का म्हणतोय ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका निवाऱ्यात गेलो होतो. इमारत नवी, रंग ताजा, दारात देणगीदारांची संगमरवरी पाटी. आत फरशीला उतारच नव्हता. एका पिंजऱ्यात ओतलेलं पाणी पुढच्या तीन पिंजऱ्यांतून फिरत होतं. शेवटच्या पिंजऱ्यात चार पिल्लं पार्व्होने आडवी झालेली. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. नव्याने आलेल्या पिल्लांना वेगळं ठेवायला खोली नव्हती. चाळीस कुत्र्यांचं खाणं, धुणं, औषध एकट्या मावशी बघत होत्या. त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. एका पिल्लाला त्या मांडीवर घेऊन सलाईनची बाटली स्वतःच्या हाताने उंच धरून बसल्या होत्या, कारण स्टँड नव्हता.

एका सलाईन स्टँडला असा किती खर्च येतो?

मोठ्या कंपन्यांना वाट मोकळी आहे. 2013च्या कंपनी कायद्यातल्या सामाजिक जबाबदारीच्या यादीत प्राणिकल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. एमआयडीसीतल्या ज्या कंपन्यांना हा कायदा लागू होतो, त्यांच्याकडे इमारत आणि ऑपरेशन थिएटर जरूर मागावं. पण रोजचा निवारा चालेल तो बाजारपेठेवर. हार्डवेअरवाल्याने कोटा फरशी द्यावी आणि ती गटाराकडे उतार काढून बसवली जातेय ना, हे उभं राहून बघावं. धान्यवाल्याने कणी द्यावी. मेडिकलवाल्याने हातमोजे, गॉज, सलाईन द्यावं. टेम्पोवाल्याने आठवड्यातून एक फेरी द्यावी. इन्व्हर्टरवाल्याने लशीच्या फ्रिजचा भार उचलावा. रेबीजची लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. मावशींचा पगार मात्र दहा दुकानांनी मिळून द्यावा, तोही एक तारखेला.

आम्हीच का, असं कुणी विचारेल. कारण ही कुत्री बाजारावर जगतात. हॉटेलचं खरकटं, मटणाच्या दुकानामागचे तुकडे, मंडईतला उघडा कचरा, यावर त्यांची पिढ्यान्‌पिढ्या वाढ झाली. रात्री आपल्याच पायरीवर झोपून ती आपल्याच शटरपाशी भुंकतात. उद्या त्यातलं एखादं शाळकरी पोराला चावलं, तर ते दुखणंही आपल्याच पेठेचं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. नसबंदी, लस आणि आजारी जनावराला जागा, एवढं झालं तर कुत्राही वाचतो आणि पोरही.

शिवाय आता वेळ दवडून चालणार नाही. शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा आणि पुन्हा तिथे सोडू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी सांगितलं. जबाबदारी पालिकेची आहे आणि तिच्याकडून ती करून घेतलीच पाहिजे. पण हलवलेली कुत्री ठेवायची कुठे? जागा नसेल तर त्यांचे हाल होतील, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत होतील.

व्यापाऱ्यांनी हे पूर्वी करून दाखवलंय. 1832मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली. पुढे दोनच वर्षांत, 1834मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी मुंबईचा पांजरापोळ उभा केला. तो चालवण्यासाठी या मंडळींनी आपल्याच मालाच्या उलाढालीवर लागा बसवला, म्हणजे स्वखुशीचा छोटा कर. माल हलला की पांजरापोळाचा वाटा आपोआप बाजूला पडायचा. भुलेश्वरचा पांजरापोळ आजही उभा आहे. पुढे परळचं जनावरांचं हॉस्पिटल झालं, त्यामागेही गिरणीमालक दिनशा पेटिट यांचा पैसा होता. त्यांच्या पत्नी साकरबाईंचं नाव त्या हॉस्पिटलने आजवर जपलंय.

आपल्या पेठेला तेवढी उलाढाल नसेल. पण दिवसाला दहा रुपये बाजूला टाकणारी शंभर दुकानं कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतील. महिन्याचे तीस हजार झाले. त्यातून मावशींना वेळेवर पगार मिळेल आणि औषधालाही काही उरेल.

पाडव्याला नवी वही उघडाल, तेव्हा भाडं, वीज, हमाली यांच्याखाली एक ओळ आणखी लिहा: निवारा. मग दारात पाटी लागली काय, न लागली काय, मावशींचा हात मोकळा होईल.