अधिकृत गुडघा

डॉक्टरबाईंनी वय विचारलं, वजन विचारलं, पाळीच्या तारखा विचारल्या. विश्रांतीतला पल्स विचारीनात, तेव्हा तो मीच आपणहून सांगितला. बावन्न. त्या मान वर न करता ‘छान’ म्हणाल्या आणि पुढच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहायला लागल्या. मग मी बोलता बोलता लडाखची हाफ मॅरेथॉन काढली. साडेअकरा हजार फुटांवर धावले होते, हेही घातलं. त्यावर प्रश्न आला, “थायरॉइड कधी केला होता?”

खरं सांगायचं तर बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या मी तिथल्या सगळ्या बायकांचे मनातल्या मनात नंबर लावले होते, आणि त्यात माझा पहिला आला होता. कुणी सोफ्यावरून उठताना हाताचा आधार घेतला, की माझा आत्मविश्वास एक पायरी चढायचा. आपण घाम गाळलेला आहे, तेव्हा निकाल आपलाच लागणार, अशी काहीतरी भाबडी आणि जरा दुष्ट समजूत होती.

ही समजूत आमच्याकडे आजोबांपासून आलेली. ते औंधच्या शाळेतले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि संस्थान विलीन झालं तरी आमच्या घरातली सक्ती काही उठली नाही. पडसं असो, गणितात कमी मार्क असोत, शेजाऱ्यांशी भांडण असो, आजोबांचा उपाय ठरलेला: बारा नमस्कार घाल, मग बोलू. शरीर म्हणजे कष्ट टाकले की फळ देणारी वस्तू, यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नसावा.

बीजांचा साठा सांगणाऱ्या एएमएच तपासणीचा रिपोर्ट आला आणि आजोबांचं अर्थशास्त्र कोसळलं. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्याजवळ असतात, दहा ते वीस लाख. त्यानंतर नुसता खर्च. जमेच्या बाजूला एक पैसा पडत नाही. तुम्ही पहाटे उठून तळजाईची टेकडी चढा नाहीतर दुपारी लोळत चकल्या खा, तो आकडा वर जायचा नाही. माझा आकडा माझ्या वयाच्या मानाने बराच खाली होता. “पण मी तर…” असं मी सुरू केलं. डॉक्टरबाईंनी बहुधा हे वाक्य त्या दिवशी आधीही ऐकलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग आयव्हीएफ करायचं ठरलं आणि नियम आले. इंजेक्शनं सुरू झाली की धावायचं नाही. उड्या नाहीत, वजनं नाहीत, कंबर पिळायची आसनं नाहीत. “चाला,” त्या म्हणाल्या. ज्या सुरात आपण पाहुण्यांच्या मुलाला ‘जा, गच्चीत खेळ’ म्हणतो, त्या सुरात. कारण मात्र त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. अंडाशय एरवी तीनेक सेंटिमीटरचं असतं. औषधांनी त्यात एकाच वेळी बरीच फॉलिकल वाढतात, एकेक अठरा-वीस मिलिमीटरचं. एवढं ओझं देठावर लोंबकळत असताना धावाधाव केली तर अंडाशयाला पीळ बसू शकतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग धावायचं ते थेट ऑपरेशन थिएटरकडे. क्वचितच होतं, पण होतं. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तरी मी “हळू धावले तर?” विचारलंच.

पहिलं इंजेक्शन घ्यायला बसले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “पोटाची चरबी चिमटीत धरा.” मी खंत वाटल्यासारखा चेहरा करून म्हटलं, “धरण्याइतकी सापडणं जरा कठीण आहे, सिस्टर.” त्यांनी दोन बोटं पुढे केली. “ही काय एवढी!”

आता प्रश्न धावण्याच्या ग्रुपचा. तिथे न येण्याला कारण लागतं, आणि खरं कारण सांगायची माझी तयारी नव्हती. मी लिहिलं: गुडघा. त्या एका शब्दाने काय प्रेम मिळवून दिलं म्हणून सांगू! तासाभरात तीन फिजिओथेरपिस्टांचे नंबर, एक पट्टा, कोल्हापूरचं कुठलंसं तेल आणि ‘लवकर परत ये, चॅम्प’. निवृत्त बँक मॅनेजर असलेल्या काकांनी आपल्या दोन्ही गुडघ्यांचा इतिहास मला फोनवर सविस्तर सांगितला. गुडघा ही आपल्याकडे प्रतिष्ठित जागा आहे. तो दुखला तर लोक डबा आणून देतात. त्याच्या वर फूटभर काही दुखत असलं तर आवाज खाली येतात, दार लोटलं जातं, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, “एवढं धावावं का बायकांनी? पिशवी सरकते.”

ही सरकणारी पिशवी केवळ आमच्या पेठेतली नाही. बायकांना लांब पल्ल्याचं धावणं झेपणार नाही, त्यांच्या आतल्या अवयवांचं काही खरं नाही, अशी काळजी करणारे शहाणे जगभर होते. ऑलिम्पिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. पुरुष १८९६ पासून धावत होते. त्यांच्या पिशव्यांची काळजी कुणी केली नव्हती.

आणि गंमत अशी, की ज्या बायका मला हे सांगत होत्या, त्यांच्या स्वतःच्या नव्या संसाराची सुरुवात मंगळागौरीने झाली होती. मंगळागौरीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हा महाराष्ट्राने जगापासून लपवून ठेवलेला सर्वांत खडतर व्यायामप्रकार आहे. श्रावणातली मंगळवारची रात्र. दिवसभर उपास किंवा मौन धरून जेवण, संध्याकाळी भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ. म्हणजे कुठलाही प्रशिक्षक व्यायामाआधी जे खाऊ देणार नाही नेमकं ते. अंगात नऊवार, नाकात नथ, केसांत गजरा, आणि मग पहाटेपर्यंत जागरण. फुगडी म्हणजे हृदयाची गती वाढवणं आणि समोरचीवरचा विश्वास, दोन्ही एकदम. बसफुगडीत तुम्ही उकिडवं बसून उड्या मारता. जिमात यासाठी महिना तीन हजार घेतात आणि तरी दहा झाल्या की बसू देतात. लोळणफुगडीत जमिनीवर लोळायचं, कोंबड्यात कोंबड्यासारखं, पिंग्यात कंबर मोडेपर्यंत. लाटणी घ्या, सुपं घ्या, करवंट्या घ्या, स्वयंपाकघरातलं एकही साधन व्यायामाला जुंपायचं राहिलेलं नाही. वर हे सगळं गाणी म्हणत, म्हणजे श्वासाचं नियंत्रण. आणि दोन खेळांमध्ये उखाणा, म्हणजे दम लागलेला असताना यमक! लडाखमध्ये माझ्याकडून कुणी यमक मागितलं नव्हतं. आता तर नऊवार नेसलेल्या पन्नाशीच्या बायकांचे ग्रुप सुपारी घेऊन मंगळागौरीचे खेळ करतात. त्यांतल्या एकीच्या पोटऱ्या बघून मी माझी पँट खाली ओढून घेतली होती.

या सगळ्यात कुणी कुणाला ‘पिशवीचं काय?’ असं विचारत नाही. उलट लग्नानंतरची पहिली पाच वर्षं हे करायचं, आणि आशीर्वाद कशाचा, तर लेकराबाळांचा.

तर इंजेक्शनं ऐन भरात असताना चुलतभावाच्या बायकोची मंगळागौर आली. माझं पोट तट्ट फुगलेलं, साडीच्या निऱ्या नेहमीपेक्षा चार बोटं वर. दरवर्षी फुगडीला हात पुढे करणारी मी, भिंतीला टेकून खुर्चीत बसले. कुणी ओढायला आलं की म्हणायचे, “गुडघा.”

इथे माझा हिशेब चुकला. धावणाऱ्या पुरुषांना गुडघा समजतो. पण मंगळागौरीला एखादी लग्न झालेली बाई फुगडी घालत नाही, पोट जरा पुढे आहे आणि कारण मात्र पटत नाही, याचा अर्थ लावायला जमलेल्या काकू-मावश्यांना एकमेकींकडे बघण्याचीही गरज नसते. “गुडघा म्हणे!” थोरल्या काकू हसल्या. माझ्या पाठीवरून हात फिरला. ताटात न मागता दोन वडे जास्त पडले. एका मावशीने पंखा माझ्याकडे वळवला. कोपऱ्यातून माझ्या सासूबाईंकडे बघून कुणीतरी भुवया उडवल्या, आणि सासूबाई, ज्यांना सगळं माहीत होतं, त्या एकदम उठून उसळ वाढायला गेल्या. उसळ संपली होती. रिकामं पातेलं घेऊन त्या बराच वेळ आत उभ्या होत्या.

इतकी वर्षं ज्या बातमीची वाट बघत होते, तिचं सगळं कौतुक मला त्या रात्री आगाऊ मिळालं. ते परत कसं करायचं असतं, ते कळेना. नाही म्हणावं तर पुढचं सांगावं लागणार. गप्प राहावं तर ते होय धरणार. मी वडे खाल्ले.

धाकट्या आत्या शेजारी येऊन बसल्या. त्या सत्तरीच्या, मुंबईच्या. त्यांना मूल नाही, हे आमच्या घरात एखाद्या कपाटाच्या जागेसारखं सगळ्यांना माहीत असलेलं आणि कधी न बोललेलं. फुगड्यांकडे बघत त्या म्हणाल्या, “कुठला गुडघा?”

“उजवा,” मी म्हटलं.

“माझाही दुखायचा गं. शहाऐंशी साली.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग त्या सांगायला लागल्या, अगदी बाजारभाव सांगावेत तशा. १९८६ च्या ऑगस्टमध्ये केईएम हॉस्पिटलमध्ये डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली, हर्षा तिचं नाव. सगळ्या पेपरांत फोटो. आत्यांच्या सासूबाईंनी तो पेपर रद्दीत जाऊ दिला नाही. चार घड्या घालून साड्यांखाली ठेवला. आत्यांना काही बोलल्या नाहीत, नवऱ्यालाही नाही. त्या गेल्यावर कपाट आवरताना सापडला. “आम्ही गेलोच नाही गं कुठे. तेव्हा धीरच नव्हता. खर्चाचं तर बोलायलाच नको.”

“मग?”

“मग काय? नाही बरा झाला गुडघा. चालते ना मी.” आणि पदर खोचून त्या उठल्या, नव्या नवरीचा हात धरला आणि तिला अशी फिरवली की ती पोरगी अखेर “आत्या, पुरे!” म्हणून खाली बसली.

नवऱ्याबद्दल फार लिहीत नाही, तो वाचणार आहे. त्यालाही नियम मिळाले होते. पुरुषबीज तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि त्या कारखान्याला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड हवा लागते. म्हणून कढत पाण्याची आंघोळ बंद, मांडीवर लॅपटॉप बंद, सायकलची घट्ट चड्डी बंद, जिममधल्या मित्राने सुचवलेली ‘ताकदीची’ इंजेक्शनं तर लांबूनही नकोत, कारण त्यांनी दंड फुगतात आणि उत्पादन थांबतं. तो बिचारा पट्ट्यापट्ट्याच्या सैल लेंग्यात घरभर हवा खेळवत फिरायचा. पण सायकल का सोडलीस, असं त्याला कुणीही विचारलं नाही. त्याला गुडघा काढावाच लागला नाही. याचा राग मी त्याच्या लेंग्यावर काढला, ते बरोबर नव्हतं, पण लेंगाही बघवत नव्हता.

बीजं काढली, त्यांतल्या काहींचे गर्भ झाले, एक आत ठेवला. आईचा फोन: अजिबात हलू नकोस, शिंकू नकोस, रिक्षात बसू नकोस. पुण्याचे रस्ते बघता शेवटचा सल्ला वैद्यकीय वाटला. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, झोपून राहण्याने यश वाढत नाही, हे तपासून झालेलं आहे. गर्भाशय म्हणजे पोकळ पिशवी नाही, त्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि आतला जीव पुरणात अडकलेल्या खसखशीसारखा असतो, उभं राहिलात म्हणून घरंगळत नाही. नेहमीसारखं राहा, चाला.

म्हणून आम्ही चालतो. संध्याकाळी, सोसायटीपासून बागेपर्यंत. प्रोजेस्टेरॉनमुळे पल्स बावन्नचा साठीच्या पुढे गेलाय, आणि मनगटावरचं घड्याळ मला रोज विचारतं की मी कसल्या ताणात आहे का. घड्याळाला काय सांगणार? दहा हजार पावलांचं लक्ष्य मी बंद केलंय. तो आकडा तसाही १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलेला होता, हे कळल्यापासून माझं मन त्याच्यावरून उडालं. नवरा माझ्या वेगाने चालतो, म्हणजे त्याच्या मते. माझ्या मते तो वरातीत चालल्यासारखा चालतो. रक्ताच्या तपासणीला अजून अवकाश आहे, आणि तोवर आम्ही त्याबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलतो. काल तर आम्ही नळदुरुस्तीवर बागेला पूर्ण फेरी घातली.

बागेच्या कोपऱ्यावर रोज एक आजोबा आम्हाला मागे टाकून जातात. काठीवाले. काल जाताना त्यांनी मागे वळून बघितलं, आणि माझी खात्री आहे, हसले. माझी पावलं आपोआप लांब पडायला लागली, तसा नवऱ्याने माझा दंड धरला. मी थांबले. पण ते किती वाजता निघतात ते मी बघून ठेवलंय. सहा वाजून पाच मिनिटांनी, कोपऱ्यावरच्या गिरणीपासून. डावीकडे जरा झुकून चालतात, चढावर दमतात. मूल व्हायचं तर होवो, न होवो, डॉक्टरबाई धावायला हो म्हणाल्या की पहिल्या सकाळी नाही, पहिल्या संध्याकाळी मी त्या आजोबांना गिरणीपाशी गाठणार आहे.