ड्रॅगनच्या सोन्याची बिल्टी

नागपूरच्या इतवारीत थोडं वाढवून बोललेलं चालतं, बेरीज चुकलेली चालत नाही. त्यामुळे माझ्या भाच्यानं आमच्या दुकानाच्या माळ्यावर, धने आणि मिरचीच्या पोत्यांच्या मधोमध, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव मांडला तेव्हा राक्षस, चेटूक, भुयारं यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ज्या भागातून काळ्या मारबतीचा पुतळा १८८१ पासून निघतो, पिवळीचा १८८५ पासून, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्यांच्या पुतळ्यांसकट सगळी वरात दारावरून जाते, तिथे अक्राळविक्राळ गोष्टींचं अप्रूप कुणाला? आमचा आक्षेप होता हिशेबावर.

खेळ तसा सोपा आहे. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. 'दार उघडतो', 'पळून जातो', 'राजाला शिव्या देतो' असं काय करायचं ते आपण म्हणायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. फासेही साधे नाहीत, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ बाजारात आणला तेव्हा पहिल्या खेपेला फक्त हजार खोकी काढली होती. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावी ती हातानं भरली गेली. म्हणजे सुरुवात आमच्यासारखीच, घरगुती पॅकिंगची.

नाव इतवारी असलं तरी आमचं दुकान नेमकं इतवारीच बंद असतं, म्हणून डाव रविवारी. सूत्रधार भाचा. मी बुटक्यांच्या जमातीतला योद्धा, नाव 'धर्मकाटा'. सराफ्यातले शेजारी काका जादूगार झाले. आणि ज्यांच्या हातून उभ्या हयातीत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, ते आमचे मुनीमजी झाले चोर. ते त्यांनी स्वतः मागून घेतलं. भाची हिंजवडीत नोकरीला असल्यामुळे ती लॅपटॉपमधून खेळणार होती, आणि इथूनच सॉफ्टवेअर घरात आलं.

अशा खेळांसाठीची सॉफ्टवेअर बरीच आहेत. रोल-ट्वेंटी २०१२ पासून आहे, ब्राउझर उघडला की चालू. फाउंड्री २०२० मध्ये आलं. ते एकदाच विकत घ्यायचं, आपल्याच संगणकावर चालवायचं, बाकीचे बाहेरून आत येतात. भाच्यानं दुसरं घेतलं, कारण 'एकदाच पैसे' हे शब्द ऐकल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही. नकाशा, पात्रांच्या सोंगट्या, कुणाला किती जखम झाली, कुणाची पाळी, खांद्यावर किती ओझं, सगळं तेच सांभाळतं. तलवार मारायची तर बटण दाबायचं. फाशाचा आकडा, ताकदीचे गुण, कसबाचे गुण यांची बेरीज आपोआप होते आणि समोरच्याच्या चिलखताशी ताडून 'लागला' की 'हुकला' ते येतं.

"आणि ही बेरीज तपासून कोण राहिलं?" मुनीमजींनी विचारलं.

"कॉम्प्युटर, जी."

"अन् कॉम्प्युटरला कोण तपासते?"

मुनीमजींनी लाल चोपडी उघडून खेळाची समांतर किर्द सुरू केली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. 'श्री ड्रॅगन खाते' असंही एक पान त्यात आहे.

पहिला खटका अंधारात उडाला. या सॉफ्टवेअरमध्ये उजेडाचा वेगळा हिशेब असतो. भिंत आली की पलीकडचं दिसत नाही, मशाल तासाभरात विझते, आणि ज्याच्या त्याच्या पडद्यावर त्याच्या पात्राला दिसेल तेवढंच उमटतं. बुटक्यांना अंधारातही दिसतं, माणसांना नाही. म्हणून माझ्या पडद्यावर भुयार, खांब, कोळ्याची जाळी, आणि मुनीमजींचा पडदा काळाकुट्ट. "भाऊ, माझा टीव्ही गेला," ते म्हणाले. मला चष्म्याशिवाय बिल्टीवरचा नंबर वाचता येत नाही हे त्यांना तीस-पस्तीस वर्षं ठाऊक असल्यामुळे, मला दिसतं आणि त्यांना दिसत नाही, हे पचायला वेळ लागला.

मग दोराची खरेदी. नियमांच्या पुस्तकात ५० फूट दोराची किंमत एक सोन्याचं नाणं लिहिली आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोरावर बोट ठेवलं की नाणं वजा, दोर झोळीत. मुनीमजींनी बोट ठेवलं नाही. त्यांनी आधी नाण्याचं वजन विचारलं. भाच्यानं सांगितलं, ५० नाण्यांचा एक पौंड. मुनीमजींनी डोळे मिटून भागाकार केला. "म्हणजे नऊ ग्रॅम. नऊ ग्रॅम सोनं देऊन सुतळी घेऊ? काहून, त्यानं काय चंद्रावरून आणली?"

"मुनीमजी, तिथे भाव ठरलेला आहे."

"बाबू, ठरलेला भाव कुठीच नसते. त्या दुकानदाराला बोलाव."

भाच्याला दुकानदार व्हावं लागलं. नियमाप्रमाणे इथे 'मन वळवणे' असं बटण आहे, वीसपैलू फासा पडतो आणि काम होतं. ते बटण दाबणं हा मुनीमजींना अपमान वाटला. ते त्या काल्पनिक दुकानदाराशी चहा गार होईपर्यंत भांडले. दोराला पीळ कमी आहे म्हणाले, तीनदा उठून जिन्यापर्यंत गेले, त्याच्या वडिलांची ओळख काढली. शेवटी दोर चांदीच्या दोन नाण्यांत सुटला, वर एक मशाल फुकट. सॉफ्टवेअरला सूट माहीत नसल्यामुळे भाच्याला आत शिरून किंमत हातानं खोडावी लागली. या सगळ्या खेळात इतकी रंगलेली घटका मी दुसरी पाहिली नाही, आणि ती बटण न दाबल्यामुळे मिळाली.

सराफ्यातले काका एवढा वेळ गप्प होते. त्यांनी हळूच विचारलं, "चांदीचं नाणंही तेवढ्याच वजनाचं काय?"

"हो काका. दहा चांदीची म्हणजे एक सोन्याचं."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे नव्वद ग्रॅम चांदीत नऊ ग्रॅम सोनं. अन् तुम्ही लोक ड्रॅगन मारून राहिले?"

तिथून पुढे गोष्टीचा रस्ताच बदलला. काकांचा बेत साधा होता: त्या राज्यातली चांदी पाताळात जाऊ दे, सगळं सोनं उचलायचं, जिथे भाव खरा असेल तिथे विकायचं, मग फुरसतीनं ड्रॅगन. भाच्यानं नाइलाजानं ड्रॅगनच आणून समोर उभा केला. तो मेला. त्याच्या गुहेत ५,००० सुवर्णमुद्रा निघाल्या. सॉफ्टवेअरनं लगेच वजन दाखवलं, १०० पौंड, म्हणजे ४५ किलो, आणि धर्मकाटा एकटा ते उचलू शकतो असं सुचवलं. माझ्या ताकदीचे गुण १६, ओझ्याची हद्द २४० पौंड. मुनीमजींची अडचण वेगळीच होती. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चाललाय, मग बिल कुठाय, बिल्टी कुठाय? नियमांचं जाड पुस्तक भाच्यानं दोनदा चाळलं. तिथे ड्रॅगनला श्वासातून आग सोडता येते, पण जीएसटी नंबर नाही.

भाचीचं म्हणाल तर ती पहिले काही रविवार आत येऊच शकली नाही. आमच्या इंटरनेट कंपनीनं म्हणे पुष्कळ ग्राहकांना मिळून बाहेरचा पत्ता एकच दिलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला नेमकं आमच्या माळ्यावरच्या लॅपटॉपचं दार सापडत नाही. 'नेहरू पुतळ्याजवळ' एवढ्यावर जिथे पोस्टमन पत्र आणून देतो, तिथली ही गत. शेवटी भाच्यानं भाड्याच्या सर्व्हरवर खेळ हलवला, आणि 'एकदाच पैसे' या शब्दांचा अर्थ मला महिन्याच्या महिन्याला कळू लागला.

फाशांचा तंटा मात्र मिटला. पडद्यावर गरगरणाऱ्या फाशावर मुनीमजींचा विश्वास बसेना. आकडा आतल्या आत पडतो, त्याला साक्षीदार नाही, असं त्यांचं म्हणणं. आता खरा फासा जुन्या तराजूच्या पितळी पारड्यात पडतो, सगळे वाकून बघतात, आणि भाचा तो आकडा लॅपटॉपमध्ये भरतो. बेरीज, जखमा, मशालीचे तास आणि वजन ही कामं सॉफ्टवेअरकडे आहेत, ती ते चोख करतं, आणि मुनीमजींच्या किर्दीशी त्याचा मेळ दर रविवारी बसतो. भाव करणं, भांडणं आणि फासा टाकणं माणसांकडे ठेवलंय. माझ्या मते कामाची वाटणी अशीच असावी.

वैद्याची एक जागा अजून रिकामी आहे. मेट्रोनं अग्रसेन चौकात उतरून या. लॅपटॉप नसला तरी चालेल, घासाघीस करता आली पाहिजे.