बार्सिलोना

अहेरीत रस्त्यावर कोणी टेप लावला की लोक घाबरतात. एकतर रस्ता रुंद होणार, नाहीतर अतिक्रमण निघणार. नागपूरला आर्किटेक्चर शिकणारा आमच्या गल्लीतला मुलगा शिष्यवृत्तीवर एक सत्र बार्सिलोनाला काढून आला आणि आल्या आल्या बाजारातला रस्ता मोजायला बसला, तेव्हा दुकानदारांनी पायऱ्यांवरचा माल भराभर आत घेतला.

"कायले मोजून राह्यला गा?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"काका, रस्त्याची रुंदी आणि घरांची उंची यांचं प्रमाण बघतो."

म्हातारा जास्तच घाबरला. त्याच्या नातवाचं प्रमाणपत्र तहसिलीत अडकलं होतं.

तेव्हापासून पोराचं नाव बार्सिलोना. रागावली की त्याची आईसुद्धा त्याच नावाने हाक मारते.

त्याच्यासोबत चंद्रपूरला जाऊ नये. जटपुरा गेटाशी ऑटो अडकला की हा सुरू होतो. बार्सिलोनाचाही असाच तट होता, गाव आत गुदमरत होतं, १८५४ मध्ये तट पाडायला घेतला, १८५९ मध्ये इल्देफोन्स सेर्दाने नव्या शहराचा आराखडा दिला: सरळ रस्ते, चौकोनी ठोकळे, वीस मीटर रुंदी! ऑटोवाला शांतपणे मागे वळून विचारतो, "मंग हा पाडाचा का?" तसा बार्सिलोना दचकतो. "छे! गोंडराजांचा परकोट आहे, याला हात लावायचा नाही." आणि मग गेट मोकळं होईपर्यंत परकोटाची थोरवी ऐकावी लागते. दोन्ही व्याख्यानं पदरात पडतात, ऑटो तिथेच.

आलापल्लीच्या चौकात तर त्याने कमाल केली. बार्सिलोनात अलीकडे नऊ ठोकळे एकत्र करून आतल्या रस्त्यांवरची वाहनं कमी करतात, मुलं रस्त्यावर खेळतात. सुरजागडहून लोहखनिजाचे ट्रक धूळ उडवत येत होते, आणि हा कडेला उभा राहून त्या चौकात बाकं कुठे ठेवायची ते कागदावर आखत होता. कागद शेवटी लाल झाला.

मला वाटायचं, पोरगं परदेशाने बिघडलं. मग त्याच्या तिकडच्या वह्या चाळायला मिळाल्या. एका पानावर गाउदीचं सग्रादा फामिलिया अर्धवट काढलेलं (ते काम १८८२ पासून चालूच आहे, त्यामुळे चित्र अर्धवट असणं चुकीचं म्हणता येत नाही) आणि बाजूला, पूर्ण तपशिलासह, त्याच्या आजीची सपरी. सागवानी खांब, कवेलू, पाण्याचा रांजण, सगळं. सिएनाच्या विटांच्या उतरत्या चौकाशेजारी अहेरीच्या राजवाड्यासमोरचा दसरा: कुठल्या गावची माणसं कुठल्या सावलीत बसतात, बाया कुठे, बैलबंड्या कुठे. ते पान मी बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं त्या गर्दीत मी उभा राहिलो, पण सावली पाहून माणसं बसतात हे कधी ध्यानात घेतलं नव्हतं. तिथल्या वर्गात तो म्हणे सारखा आलापल्लीच्या सागाबद्दल बोलायचा. म्हणजे तिकडे त्याला 'अहेरी' म्हणत असणार.

खरी लढाई घरी झाली. वडिलांना कवेलू काढून स्लॅब टाकायचा होता. पोराने मातीच्या भिंतींचा गारवा, सागवानी फाट्यांचं आयुष्य वगैरे सांगितलं.

"दरसाल कवेलू फेराले माणूस कोठून आनू? माकडं तुह्या सेर्दाले भेतेत का?"

मग त्याने अच्युत कानविंदे काढले. कोकणातल्या आचऱ्याचा मुलगा. सरकारने १९४५ मध्ये अमेरिकेला पाठवला. हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली शिकला. परत येऊन पुढे कानपूरचं आयआयटी बांधलं.

"बापाचं घर कोनं बांधलं?" वडिलांनी विचारलं. याचं उत्तर पोराकडे नव्हतं.

शेवटी तह झाला. बापाने स्लॅब जिंकला, पोराने कोपरा. सेर्दाने प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे पंचेचाळीस अंशांत छाटले होते, वळताना समोरचं दिसावं, चौक मोकळा व्हावा म्हणून. बार्सिलोनाने घराच्या कंपाउंडचा दोन रस्त्यांवरचा कोपरा तसाच तिरका बांधायला लावला. आपली जागा आपणहून रस्त्याला देणारं अहेरीतलं ते पहिलंच घर असावं. वडील मिस्त्रीकडे पाठ करून बसले होते.

सिमेंट वाळायच्या आत तिथे पानठेला उभा राहिला.

बार्सिलोना धावत गेला. आवाज न चढवता त्याने ठेलेवाल्याला चौकाचं तत्त्व समजावलं, नकाशा दाखवला. सेर्दाला ठोकळ्यांच्या आत बागा हव्या होत्या, दोनच बाजूंना घरं हवी होती. पण मालकांनी चारी बाजूंनी बांधलं, बागेत गोदामं, कारखाने घुसवले, मजल्यांवर मजले चढवले, हेही भाबडेपणाने सांगितलं.

ठेलेवाला खर्रा घोटत सगळं ऐकत होता. "म्हंजे तिकडंबी आपलेच लोक हायेत," तो म्हणाला. मग खर्र्याची पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली आणि विचारलं, "मांगचा कोपरा कधी कापतेस गा, बार्सिलोना? माह्या भावाले रिचार्जचं दुकान टाकाचं हाय."