रीड-ओन्ली आप्पा

सुरतच्या बमरोलीतल्या एम्ब्रॉयडरीच्या खात्यात सुई मोडली तर कुणीही बदलून देतं. पण मूळ डिझाईन बिघडलं की आप्पांकडेच यावं लागतं. आप्पा अमळनेरकडचे. भुसावळकडून गाडीत बसून उधन्याला उतरलेल्या असंख्य खान्देशी माणसांपैकी एक. बाकीचे लूमवर गेले, आप्पा कॉम्प्युटरवर बसले, आणि त्या खुर्चीत त्यांना आयुष्याचं एकच तत्त्व सापडलं : "वाची ले भो, पन लिखू नको."

तत्त्वाला कारण आहे. मशीनला जाणाऱ्या डीएसटी फाईलमध्ये फूल नसतंच, नुसते टाके असतात. कारागीर ती उघडतो, पदरावरचं फूल बाहीसाठी निम्मं करतो, त्याच नावाने सेव्ह करतो आणि चहाला जातो. टाके तेवढेच, जागा निम्मी. कापडावर फुलाऐवजी गाठ उमटते, वर दोरा तुटतो तो वेगळाच. एरवी ऊठसूट "चालशे" म्हणणारे शेठ अशा वेळी तो शब्द विसरतात.

फ्लॉपीच्या काळात बरं होतं. १.४४ एमबीची ती चकती. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवलं की लिहिणं बंद. खिटी फेविक्विकने कायमची चिकटवलेल्या फ्लॉप्या आप्पांनी अजून बिस्किटाच्या डब्यात जपल्या आहेत.

आता पंचाईत अशी, की आप्पांचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय हलत नाही आणि नवा पीसी एक्सपीला दारात उभं करत नाही. म्हणून आप्पांनी लिनक्सवर क्युएमयू टाकून आतल्या आत एक खोटा पीसी उभा केला. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००३ साली आणलेलं हे सॉफ्टवेअर. आप्पा त्याला 'बेलारभाऊ' म्हणतात.

भाऊंशी बिनसलं ते एकदाच. आप्पांनी खोट्या आयडीई हार्डडिस्कला हौसेने 'रीड-ओन्ली' लावलं, तर मशीन सुरूच होईना. फ्लॉपी, सीडी, स्कझी डिस्क यांना 'माझ्यावर लिहू नका' असं सांगायची सोय आहे. आयडीई हार्डडिस्कला ती नाही. मग आतल्या विंडोजला कळणार कसं? ते बिचारं लिहीत सुटणार आणि तोंडावर आपटणार. त्यापेक्षा क्युएमयू आधीच हात वर करतं. आप्पांनी दोन दिवस अबोला धरला. मग डिझाईनची डिस्क स्कझीवर नेऊन रीड-ओन्ली केली आणि विंडोजच्या डिस्कला 'स्नॅपशॉट' लावलं. यात विंडोज मनसोक्त लिहितं. सगळं एका तात्पुरत्या फाईलीत जातं आणि मशीन बंद केलं की साफ. मूळ डिस्कला ओरखडा नाही आणि विंडोजलाही वाईट वाटत नाही.

आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे माईंच्या मते हे 'स्नॅपशॉट' आप्पा क्युएमयूकडून शिकलेले नाहीत, क्युएमयूच आप्पांकडून शिकलेलं आहे. लाईटबिल, भाच्याचा साखरपुडा, कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी गहू : आप्पा सगळ्याला "हो" म्हणतात, मान डोलावतात, मध्येच "किती किलो?" असं विचारून आशाही लावतात, आणि सकाळी कोरे करकरीत उठतात. तोंडावर नाही म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं!

परवा नातू फितूर झाला. त्याने आजीला सांगितलं, की बंद करायच्या आधी 'कमिट' म्हटलं तर तात्पुरतं लिहिलेलं मूळ डिस्कवर उतरतं. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर माईंनी गव्हाचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि आप्पांना गादीवर बसवून 'कमिट' म्हणायला लावलं. आप्पा खणखणीत म्हणाले. नातवाच्या आग्रहाखातर पुन्हा एकदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गव्हाचा पत्ता नाही.

"काल कमिट केलं होतं ना?" माईंनी दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोरच विचारलं.

"केलं ना," आप्पा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "पण मूळ फाईलवर लिहायची परवानगी मी लग्नाच्या आधीच काढून ठेवलेली आहे."