डॅन्यूब व्हाया दांडेकर पूल

जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत लोक डॅन्यूबच्या काठाने रमतगमत सायकल चालवतात. पुणेकराने हेवा का करावा? आपल्याकडे नदी आहे, कालवा आहे आणि महापालिकेने 2017 साली मंजूर केलेला सायकल आराखडाही आहे. तिघांची अजून एकमेकांशी ओळख झालेली नाही, एवढंच.

मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्याने हडपसरकडे जातो आणि पुढे दौंड-इंदापूरचा ऊस भिजवतो. पाणी आपोआप वाहावं म्हणून त्याचा उतार जेमतेम ठेवलेला आहे. सायकलवाल्याला चढ नाही, धाप नाही. बाकी सोयी जागोजागी: स्प्रिंगा निघालेला सोफा, निर्माल्याच्या पिशव्या आणि ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीला टेकवलेला कचरा. 27 सप्टेंबर 2018 रोजी जनता वसाहतीजवळ कालवा फुटून दांडेकर पुलाच्या वस्तीतले संसार वाहून गेले, तेव्हा तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं. या प्राण्यांकडून खुलासा अद्याप आलेला नाही.

नदीकाठचा बेत असेल तर आधी खडकवासला धरणाचा विसर्ग विचारून घ्यावा. तो वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. राहता राहिली रमतगमत जाण्याची अट. ती आपण केव्हाच पूर्ण केली आहे. सायकल मार्गावर लावलेल्या गाडीचा मालक मिसळ संपवून, वर ताक पिऊन येईपर्यंत घाई करून जाणार कुठे?